आजीची माळ, नातीचं माप

वैशाखातलं लग्न होतं. पहाटे साडेपाचला मी कार्यालयातल्या नवरीच्या खोलीत पोचले, तर गादीवर पाच लांब हार ओळीनं मांडून ठेवलेले. एक राणीहार, एक लक्ष्मीहार, दोन मोत्यांचे आणि एक मोराच्या पदकाचा. पाचही भाड्यानं आणलेले. नवरी चार फूट अकरा इंचांची, अंगानं काडी. "ताई, पाचही घालायचेत हं, फोटोवाल्या दादांनी सांगितलंय," ती म्हणाली. मी तिची ठुशी बांधायला घेतली, तेवढ्यात दाराशी बसलेल्या तिच्या आजीनं कमरेची पिशवी सोडली. आतून जुन्या धोतराचं फडकं निघालं, फडक्यातून पुतळ्यांची माळ.

"बाई, ही बी घाल की तिच्या गळ्यात. माज्या लग्नातली हाय."

मी माळ हातात घेतली. सोनं पिवळंधमक होतं, पण दोरा तेलाघामानं काळा पडून कुजला होता. दोन ठिकाणी कुणीतरी साध्या शिवणाच्या दोऱ्यानं गाठी मारलेल्या, मागचा गोंडा झडून गेलेला. आणि माप आजीचं. आजी तरुणपणी चांगल्या उंच, थोराड असणार, कारण नातीच्या गळ्यात ती माळ पार ओटीत आली असती. मुहूर्त बारा पस्तीसचा. केस व्हायचे होते, शालू नेसवायचा होता. माळ ओवायला निदान अर्धा दिवस लागतो. मी म्हणाले, "आजी, आज नको. दोरा तुटला तर पुतळ्या जातील." आजी काही बोलल्या नाहीत. फडक्याला होती तशी गाठ मारून त्यांनी पिशवी पुन्हा कमरेला खोचली.

मग ते पाच हार मी घातले. मंगळसूत्र बांधायची वेळ आली तेव्हा नवरदेवाच्या बोटांना नवरीची मान सापडेना. मानेवर पाच हुक, मुंडावळ्यांची दोरी, गजऱ्याच्या पिना. शेवटी करवलीनं पुढं होऊन बांधलं. ते दोन वाट्यांचं, काळ्या मण्यांचं मंगळसूत्र हारांच्या खाली गेलं ते दिवसभर कुणाला दिसलं नाही. पाया पडायच्या वेळी तर वाकलं की पाचही हार पुढं झोका घ्यायचे आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कपाळावर आपटायचे. कुणाचाही लग्नाचा अल्बम उघडून बघा. पाया पडतानाच्या प्रत्येक फोटोत नवरीचा डावा हात छातीवर असतो. ती लाजलेली नसते, हार सावरत असते.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं आणि ते मी आज लिहून मांडते आहे. नवरीच्या अंगावर लांब हार एकच असावा. होता होईल तो घरातलाच असावा. आणि तो तिच्या मापाला नव्यानं ओवून घेतलेला असावा.

मी वेळापुरात बावीस वर्षं नवऱ्या सजवते आहे. माळशिरस, अकलूज, पिलीव, महूद, पंढरपूरच्या अलीकडची गावं, सगळीकडं माझी पेटी गेलेली आहे. पार्लरचा कोर्स मी केला, पण दागिना अंगावर बसवायची विद्या मला कोर्सात मिळाली नाही. ती मिळाली पंढरपूरच्या एका पटवेकऱ्याच्या ओट्यावर आणि आषाढात माझ्या स्वतःच्या पडवीत. माउलींची पालखी माळशिरसहून निघते ती आमच्याकडं मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी भंडीशेगावची वाट धरते. त्या एका रात्री गावातल्या प्रत्येक घराची पडवी वारकऱ्यांनी भरते. माझ्याकडं उतरणाऱ्या बायांमध्ये सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी असतात, आणि त्यांतल्या काहींच्या गळ्यात अजून बोरमाळ असते. कपाटातली नव्हे, रोजची. शेतात खुरपायला जातानाची, वारीत चालतानाची. मी एकदा एका आजींना विचारलं, "चालताना ओझं होत नाही का?" त्यांनी माळ पाठीकडून धरून मला गाठ दाखवली. मागं रेशमाचा गोफ आणि त्यावर सरकती गाठ. काम असलं की गाठ ओढून माळ गळ्याशी घ्यायची, सणाला सैल सोडून छातीवर रुळू द्यायची.

ही सरकती गाठ म्हणजे आपल्या जुन्या लांब हारांचं मर्म आहे. बोरमाळ, मोहनमाळ, पुतळ्यांची माळ, जोंधळी पोत हे सगळे दोऱ्यात ओवायचे दागिने. सोनारानं मणी घडवायचे, पटवेकऱ्यानं ते गाठवायचे. रेशमाचे पदर एकत्र पिळायचे, त्याला मेण द्यायचं, मणी ओवून शेवटाला गोफ विणायचा आणि लाल रेशमाचा, वर कलाबतू गुंडाळलेला गोंडा सोडायचा. म्हणजे हार कायमचा एका मापाचा नसायचाच. सासूचा हार सुनेला, आजीचा नातीला येणार हे घडवणाऱ्यानं धरूनच ठेवलेलं असायचं. आता बाजारात मिळणारा हार साखळीचा, हुकाचा. त्याचं माप कारखान्यात ठरलं. पाच फूट सात इंचांची मुलगी असो की चार फूट अकराची, तिनं त्या हाराला जुळवून घ्यायचं.

म्हणून माझ्याकडं लग्न ठरलेली मुलगी आली की मी तिला पंधरा दिवस आधी बोलावते, आणि दागिने नाही, दोरा काढते. दोरा मानेच्या मणक्यावर टेकवून दोन्ही टोकं पुढं सोडायची. मग तिला पाटावर मांडी घालून बसायला सांगायचं, कारण लग्नातला निम्मा वेळ नवरी उभी नसते, बसलेली असते. बसल्यावर हार ओटीत गोळा होता कामा नये. बेंबीच्या वर चार बोटं, तिथं दोऱ्याला गाठ. मग तिला वाकायला सांगायचं, हात पुढं करून होमात लाह्या टाकल्यासारखं करायला सांगायचं. दोरा हातात अडकतो का, तोंडावर येतो का, हे तेव्हाच कळतं. आरशासमोर ताठ उभं राहून घेतलेलं माप लग्नात खोटं पडतं.

दुसरी गोष्ट जागेची. गळ्याशी एक दागिना: ठुशी, चिंचपेटी किंवा आमच्या भागातली वज्रटीक. खाली लांब हार. आणि या दोघांच्या मध्ये मी मुद्दाम जागा रिकामी सोडते. मुली विचारतात, "ताई, इथं मोकळं मोकळं दिसतंय, एखादा तन्मणी घालू का?" मी नाही म्हणते. ती जागा मंगळसूत्राची आहे. सकाळी सजताना ती रिकामी असते आणि मंगलाष्टकं झाल्यावर तिथं मंगळसूत्र येतं. सगळ्या मांडवादेखत नवरीच्या अंगावर त्या दिवशी जो एकच दागिना चढणार आहे, त्याला बसायला जागा नको? सकाळीच सगळी छाती भरून टाकली तर दुपारी आलेलं मंगळसूत्र गर्दीत उभं राहिल्यासारखं होतं.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी हाताला कळतात. मानेवर गोफाखाली मलमलची घडी ठेवावी, नाहीतर संध्याकाळी तिथं लाल वळ उठतो. शालूला पीन लावू नये, पदराच्या डाव्या काठाशी दोन सैल टाके घालून हार धरावा, म्हणजे पदर सरकला तरी हार सरकत नाही. जरी पिवळी, सोनं पिवळं, म्हणून भरगच्च जरीच्या शालूवर बोरमाळ दिसत नाही. हिरव्या, जांभळ्या काठपदरावर ती उठून येते. पोलक्याचा पुढचा भाग आरीकामानं भरलेला असेल तर हार घालून उपयोग नाही, दोन्ही एकमेकांना खातात. मुलीच्या आईला मी सांगते, शिंप्याकडं जायच्या आधी माळ माझ्याकडं आणा. आणि चपलाहार घालणार असाल तर अक्षतांची तयारी ठेवा. चपलाहाराच्या त्या बारीक बारीक चपट्या पाकळ्यांच्या पदरांत अक्षता अशा जाऊन बसतात की लग्नानंतर दोन दिवसांनीसुद्धा दाणे निघतात. कुंकवानं रंगवलेल्या अक्षतांचा डाग मोत्याला लागला तर लवकर जात नाही. पुतळ्यांच्या आणि बोरांच्या माळेला अक्षता चिकटत नाहीत, घरंगळून जातात.  जुन्या दागिन्यांना टोकं नसतात, कारण ते मांडवात आणि शेतात दोन्हीकडं वावरलेले आहेत.

एकदा एक मुलगी फोन घेऊन आली. स्क्रीनवर दाक्षिणात्य नवरी, गळ्यात नाण्यांचा लांब कासूहार. "ताई, मला अस्सं पाहिजे. कुठं भाड्यानं मिळेल?" मी म्हणाले, "आईला विचार, घरात पुतळ्या आहेत का." तिला पुतळी म्हणजे बाहुली एवढंच माहीत. दुसऱ्या दिवशी आई आली, डबा घेऊन. आत तीस पुतळ्या होत्या. मुलगी फोनवरचा हार आणि डब्यातल्या पुतळ्या आलटून पालटून बघत राहिली.

या पुतळीचा प्रवास मला फार हलवून जातो. इटलीतल्या व्हेनिसच्या राज्यानं १२८४ साली डुकाट नावाचं सोन्याचं नाणं पाडायला सुरुवात केली. साधारण साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोनं. पाचशे वर्षं ते त्याच वजनाचं, त्याच कसाचं राहिलं, १७९७ साली ते राज्य बुडेपर्यंत. मिरी-मसाले आणि कापडाच्या बदल्यात ही नाणी अरबी समुद्रावरून आपल्याकडं आली. नाण्याच्या एका बाजूला त्यांचा राजप्रमुख संत मार्कपुढं गुडघे टेकून बसलेला. आपल्या लोकांना ती दोन माणसं दिसली, पुतळ्या दिसल्या, आणि नाण्याचं नाव पुतळी पडलं. मग बायांनी त्याला कड्या लावल्या, दोऱ्यात ओवलं आणि त्या दोन आकृत्यांत आपले देव पाहिले. पुढं सोनारांनी स्वतःच ठसे करून पातळ पत्र्याच्या पुतळ्या पाडल्या, त्यांवर लक्ष्मी आली, राम-सीता आले. आमच्या गावच्या आजीबाईच्या फडक्यात जे बांधलेलं होतं त्याच्यामागं एवढा पल्ला आहे.

बोरमाळ आणि जोंधळी पोत मात्र पुरत्या इथल्या मातीतल्या. बोर आमच्या माळावरचं. जोंधळा तर मंगळवेढ्याचा, ज्वारीचं कोठार म्हणून ज्या गावाचं नाव. कणसातल्या दाण्याएवढे सोन्याचे मणी गुंफून पोत करावी हे ज्यानं पहिल्यांदा योजलं, त्यानं मळणी नक्की पाहिलेली होती. आमच्या वेळापुरात अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ आहे, आवारात सातशे वर्षांपूर्वीचे मराठी शिलालेख आहेत. त्या काळच्या मूर्ती कुठंही बघा, छातीवर रुळणारा हार कोरल्याशिवाय शिल्पकारानं देवीला सोडलेलं नाही. लांब हाराची हौस आजची नाही आणि मी हौसेच्या विरुद्ध बोलत नाही.

पंढरपूर आमच्यापासून जवळ, म्हणून नवरात्रात मी रुक्मिणीमातेचे अलंकार बघायला जाते. चिंचपेटी, ठुशी, तन्मणी, लक्ष्मीहार, पुतळ्यांची माळ, मोहरांची माळ असे परंपरेनं आलेले दागिने त्या दिवसांत आईच्या अंगावर चढतात. मुली मला तोच दाखला देतात: "रखुमाईला इतके हार चालतात, मग मला का नाही?" बाळांनो, आई गाभाऱ्यात स्थिर उभी आहे. तिला होमापुढं बसायचं नाही, कुणाच्या पाया पडायचं नाही, जेवणाच्या पंगतीत घास घ्यायचा नाही, रात्री गाडीत बसून सासरी जायचं नाही. तुमचा सगळा दिवस हलण्यात जाणार आहे. हलणाऱ्या अंगाचं सजणं वेगळं असतं.

आता पैशाचं बोलते, कारण ते बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

२०२५ साली सोन्याचा दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढं गेला. तरी याद्यांच्या बैठकीत प्रश्न तोच: मुलीच्या अंगावर काय घालणार? आणि उत्तरात राणीहार. मी अशा बैठकांना बायकांच्या बाजूनं बसलेली आहे. बाप उसाच्या बिलाचा हिशेब मनात मांडत असतो, आई खाली बघत असते. हुंड्याला १९६१ पासून कायद्यानं बंदी आहे, म्हणून हुंडा हा शब्द कुणी काढत नाही. 'अंगावर काय' असं विचारतात. मागून घेतलेला हार हा मला हार वाटत नाही. तो तिच्या अंगावर टांगलेला व्यवहार असतो, आणि मांडवातली प्रत्येक बाई त्याचं वजन डोळ्यांनी करत असते. त्या नजरेखाली बसलेल्या मुलीला मी जवळून पाहिलंय. ती हार सावरत नाही, अंग चोरत असते.

यावर उपाय म्हणून लोक काय करतात? आजीची माळ मोडतात. "जुनं घालून नवं घेऊ." इथं मला हात जोडून सांगावंसं वाटतं की मोडायच्या आधी ती माळ कशाची आहे ते समजून घ्या. जुन्या बोरमाळेचे, मोहनमाळेचे मणी बहुतेक पोकळ असतात. वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख भरलेली. अंगावर ती भरघोस दिसते, पण मोडीत घालाल तेव्हा लाखेचं वजन वजा होतं, डागाची घट जाते, आणि पाच तोळ्यांची म्हणून नेलेली माळ हातावर फारच थोडं सोनं ठेवते. वर नव्या दागिन्याची घडणावळ आणि सोन्यावर तीन टक्के जीएसटी. तोळ्याचाही घोळ आहे. आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या दुकानातला दहा ग्रॅमचा. आजींचं लग्न १९६३ ते १९६६ च्या दरम्यान झालेलं असेल तर आणखी एक गोष्ट बघा. १९६३ च्या जानेवारीत सोने नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. कित्येक सोनारांच्या भट्ट्या त्यात विझल्या. त्या वर्षांतली माळ चौदा कॅरटची असू शकते. मोडायला नेली तर दुकानात मन खट्टू होईल. गळ्यात घातली तर तिच्या तेजात काही कमी दिसत नाही.

माळ ओवायला मात्र रेशीम आणि मजुरी लागते, बस. मोडीच्या घटीपुढं तो खर्च काहीच नाही. ओवताना प्रत्येक पुतळीची कडी तपासून घ्यायची, झिजलेली असेल तर सोनाराकडून बदलायची. लाखेचे मणी पाण्यात बुडवायचे नाहीत, गरम पाण्यात तर मुळीच नाही, कोरड्या मऊ फडक्यानं पुसायचे. होमाच्या अगदी जवळ बसताना लाखेची माळ पदराखाली घ्यायची. हळदीच्या दिवशी कुठलीच ओवलेली माळ घालायची नाही, हळद रेशमात शिरली की निघत नाही. आणि नवं सोनं घ्यायचंच असेल तर थोडं घ्या, पण हॉलमार्क आणि त्यावरचा सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी क्रमांक बघून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून तो असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.

भाड्याच्या किंवा इमिटेशनच्या हाराला मी कमी लेखत नाही. ज्या घरात फडक्यात बांधलेलं काहीच नाही, अशी घरं आमच्या तालुक्यात थोडी नाहीत. दुष्काळात, दवाखान्यात, मुलाच्या शिक्षणात माळा गेल्या. त्या गेल्या म्हणून कुणाची मान खाली जाण्याचं कारण नाही, त्या घरच्या बायांनी त्यांचा खरा उपयोग केला. अशा मुलीला मी एकच साधा इमिटेशनचा हार सुचवते, बोरमाळेच्या घाटाचा, आणि तो खोटा आहे हे लपवू नकोस म्हणते. पण तोही दोऱ्यात ओवलेला असावा, तारेत नको. सुरुवातीच्या वर्षांत एका लग्नात सप्तपदीच्या चौथ्या पावलाला नवरीचा भाड्याचा हार तटकन तुटला. आत बारीक तार होती, आतून गंजलेली. मणी मांडवभर पसरले. कुणीतरी मागून 'अपशकुन' म्हणालं आणि ती पोर उरलेली तीन पावलं रडत चालली. तार मी तपासली नव्हती. तेव्हापासून अंगावर चढणारा प्रत्येक हार, खरा असो की खोटा, मी आदल्या दिवशी दोन्ही हातांत धरून ओढून बघते.

आणि एक काम, ज्याला सजावट म्हणत नाहीत, पण मी ते माझ्या कामातच धरते. नवरीला मिळालेल्या दागिन्यांची यादी. १९८५ च्या नियमांप्रमाणं वधूला मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची असते: वस्तू काय, अंदाजे किंमत किती, दिली कुणी, नातं काय, आणि खाली वधू-वर दोघांच्या सह्या. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितलं की स्त्रीधन हे स्त्रीचं स्वतःचं, सासरच्यांकडं ठेवायला दिलं तरी तिचंच. आजीनं दिलेली माळ यात येते. माझ्या पेटीत मी आता एक कोरी वही ठेवते. आईबाप लाजतात, "आपल्या माणसांत कशाला लिहापढी?" मी म्हणते, आहेराची वही लिहिता की नाही? कुणी एकशे एक रुपये दिले ते लिहिता, मग माळ का नाही?

त्या वैशाखातल्या नवरीची धाकटी बहीण या वर्षी लग्नाची झाली. तुळशीचं लग्न झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात तिची आई माझ्याकडं आली. बरोबर आजी. आता त्यांना चालवत नाही, नातवाच्या गाडीवर मागं बसून आल्या. पिशवी तीच, फडकं तेच. या वेळी मी काही विचारलं नाही, फडकं सोडून माळ घेतली. पुतळ्या मोजल्या, एक्कावन्न. आजींसमोर जुना दोरा कापला तेव्हा त्यांनी क्षणभर माझं मनगट धरलं, मग सोडलं. धाकटीचं माप घेतलं. ती थोरलीपेक्षा उंच, पण अंगानं तशीच बारीक. चव्वेचाळीस पुतळ्यांत माळ बेंबीच्या वर चार बोटांवर आली.

पंढरपूरला जाऊन मी समोर बसून ओवून आणली. लाल रेशीम, मागं गोफ, सरकती गाठ, गोंडा. काड्यापेटीएवढ्या डबीत उरलेल्या सात पुतळ्या वेगळ्या ठेवल्या. परवा माळ द्यायला गेले तर आजींनी ती हातानं चाचपून पाहिली. डोळ्यांना आता फारसं दिसत नाही. गाठ सरकवून बघितली, पुढं, मागं. मग डबी उघडून पुतळ्या बोटानं मोजल्या.

"सात ऱ्हायल्या न्हवं?"

"हो आजी. तिचं अंग भरलं की घालता येतील, किंवा थोरलीच्या मुलीला."

त्यांनी डबी नातीच्या हातात दिली नाही. धोतराच्या फडक्यात ठेवली, गाठ मारली आणि सुनेला म्हणाल्या, "हिच्या पयल्या बाळंतपणाला दे. तवर हितंच ऱ्हाऊ दे." मग मला म्हणाल्या, "बाई, वहीत लिव्ह. चव्वेचाळीस तिच्याकडं, सात हितं."

मी वही काढली आणि लिहिलं.